कानवाल्यांचा हेडसेट

कानवाल्यांना खऱ्या नावाने ओळखणारं जग फार लहान होतं. बँक, वीज कंपनी आणि सासरची मंडळी, संपलं. बाकी सगळ्यांसाठी ते कानवाले. बसथांब्यासमोर दोन खोल्यांचं त्यांचं दुकान होतं. पाटीवर 'श्रवण केंद्र' असं लिहिलेलं होतं, पण ते पाटीपुरतंच. पुढच्या खोलीत खुर्च्या आणि मागच्या खोलीत आतून स्पंज लावलेली, जाड काचेची एक कोठडी. गिऱ्हाइकाला त्या कोठडीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं आणि बाहेरून जाड-बारीक आवाज सोडत राहायचं. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मग पडद्यावर ठिपके उमटायचे, ठिपक्यांची रेघ व्हायची, आणि रेघ उजवीकडे घसरत गेली की समजायचं, याला यंत्र लागणार.

समजायचं कानवाल्यांनी. गिऱ्हाईक कधीच समजून घ्यायचं नाही. इतक्या वर्षांत 'हो, मला कमी ऐकू येतं' असं सरळ म्हणणारा माणूस कानवाल्यांना भेटला नव्हता. 'हल्लीची पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.' 'आमची सून मुद्दाम हळू बोलते.' 'नवीन टीव्हीत आवाजच नसतो.' आणि सगळ्यांत हमखास म्हणजे, 'आवाज येतो हो, फक्त शब्द लागत नाहीत.' हे वाक्य ऐकलं की कानवाले तपासण्याआधीच मनातल्या मनात यंत्राचा नमुना निवडून मोकळे व्हायचे. मग ते गिऱ्हाइकाला समोर बसवून व्याख्यान द्यायचे: लाजायचं काय त्यात? डोळ्याला चष्मा लागतो तसं कानाला यंत्र. उशीर करू नका. घरची माणसं बोलायचीच बंद होतात हो, कंटाळून. व्याख्यान इतकं घासूनपुसून लख्ख झालं होतं की देताना ते स्वतःच कधीकधी हळवे व्हायचे.

घरी मात्र कानवाले कप्तान होते.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. फोनवर ती आईशी बोलायची, तेही जेवलीस का, झोपलीस का एवढंच. बापाशी तिचं बोलणं व्हायचं ते दर रविवारी दुपारी, भर समुद्रात. दोघांनी मिळून जहाज चालवायचं, असा एक खेळ होता. कानवाले आपल्या घरी टीव्हीला खेळाचं यंत्र, म्हणजे कन्सोल, लावून सुकाणू धरायचे, लेक तिच्या घरी कन्सोल लावून डोलकाठीवर चढायची आणि वरून ओरडून सांगायची: उजवीकडे घे, खडक आहे, शिडं उतरव. ती शाळेत असल्यापासून दोघं असेच काही ना काही खेळत आले होते, आणि त्यामागे कानवाल्यांचा एक साधा हिशेब होता. समोर बसवून विचारलं तर ही पोरगी तोंडाला कुलूप लावायची. पण दोघांची नजर पडद्यावर असली की बोलता बोलता सगळं सांगून जायची. परीक्षेत आपटल्याचं, मैत्रिणीशी फाटल्याचं, पहिल्यांदा कोणी आवडल्याचं आणि मग तो न आवडल्याचं, सगळं त्यांना असंच कळलं होतं, कुठल्या ना कुठल्या खेळात.

आणि गेले कित्येक रविवार जहाज सारखं खडकावर आदळत होतं.

"बाबा! मी बोंबलून बोंबलून सांगत होते, डावीकडे!"

"अगं, लाटांचा आवाज केवढा आहे!"

"लाटा मलाही आहेत."

कानवाल्यांना 'उजवीकडे' आणि 'डावीकडे' या दोन्हींतलं 'वीकडे' तेवढं ऐकू यायचं, आणि बाकीचं ते अनुभवाने ठरवायचे. अनुभव म्हणायचा, उजवीकडे. खडक उजवीकडेच असायचा असं नाही, पण कप्तानाचं नशीबच तसं. हळूहळू लेकीचं मधलं बोलणं कमी झालं. आधी ती ऑफिसातल्या साहेबाची नक्कल करायची, घरमालकिणीच्या मांजराचे किस्से सांगायची. आता फक्त दिशा सांगायची, आणि जहाज बुडालं की म्हणायची, "जाऊ दे. पुढच्या रविवारी बघू." ते 'जाऊ दे' कानवाल्यांना अगदी लख्ख ऐकू यायचं.

ते घाबरले. ही रविवारची दुपार गेली, तर लेकीपर्यंत पोचायची दुसरी वाट आपल्याला ठाऊक नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग त्यांनी दोषी शोधला, आणि तो लगेच सापडलाही. त्यांचा हेडसेट. जुना, वायरवाला, एका बाजूला चिकटपट्टी लावलेला. बिचारा स्वतःच्या बचावात काही बोलू शकत नव्हता.

नवा घ्यायचा ठरलं, तोही बिनवायरचा. पण कानवाल्यांच्या घरी कन्सोल तीन. दिवाणखान्यात काळा, तो त्यांचा. लेकीच्या खोलीत पांढरा, ती मागे ठेवून गेलेला. आणि एक हातात मावणारा छोटा, जो दुकानात गिऱ्हाईक नसताना टेबलाखाली चालायचा. एकच हेडसेट तिघांनाही चालला पाहिजे, अशी त्यांची अट होती. आणि हे तीन कन्सोल म्हणजे तीन जावा होत्या. एकीचं दुसरीला चालत नाही आणि तिसरी कोणाशीच बोलत नाही.

कानवाल्यांनी आठवडाभर अभ्यास केला. इंटरनेटवर तरुण पोरांचे व्हिडिओ बघितले. सगळी पोरं इतकी भरभर आणि पुटपुटत बोलत होती, की त्यांनी खालची अक्षरं लावून वाचली. "आजकाल कोणाला स्पष्ट बोलायला नको," ते बायकोला म्हणाले. बायको घरी पडदे शिवायची. शिलाई मशीनवरून तिने मान वर केली, त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घालून टीप मारायला घेतली.

दुकानात गेले तेव्हा एक चुणचुणीत विक्रेती पुढे आली.

"काका, कुठल्या कन्सोलसाठी हवाय?"

"सगळ्या. काळा, पांढरा, छोटा, तिन्ही."

"सगळ्यांना चालेल असा सरसकट नसतो. बघा, जो पांढऱ्यासाठीचा म्हणून येतो तो काळ्याला चालत नाही. पण काळ्यासाठीचा घेतलात तर काही मॉडेल पांढऱ्यालाही चालतात. आधी विचारून घ्या."

हे सगळं तिने हसून, मान वळवून, मागच्या फळीवरून खोका काढता काढता सांगितलं. कानवाल्यांनी मान डोलावली, "हो हो, बरोबर," म्हणाले, आणि पांढऱ्यासाठीचा घेऊन घरी आले. काळ्याने त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी खोका काखेत मारून कानवाले पुन्हा हजर.

"मी सांगितलं होतं ना, काका?"

"दुकानात गोंगाट फार आहे तुमच्या," कानवाले म्हणाले. दुकानात त्या वेळी ते दोघेच होते.

तिने दुसरा काढून दिला. याच्या डोंगलला, म्हणजे कन्सोलच्या पोटात खुपसायच्या त्या बोटभर तुकड्याला, बाजूला एक बारीकसं बटण होतं. बटण इकडे केलं की काळा, तिकडे केलं की पांढरा. छोट्याला ब्लूटूथने जोडायचा. शिवाय फोनवर त्याचं एक अ‍ॅप, आवाज हवा तसा घडवायला. "आणि एकदा घडवलात की तो हेडसेटमध्येच साठवला जातो. कुठल्याही कन्सोलला लावा, तसाच राहतो," विक्रेती म्हणाली. मग तिने सहज विचारलं, "जुन्यात काय त्रास होता?"

"आवाज येतो," कानवाले म्हणाले, "फक्त शब्द लागत नाहीत."

हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं, दुकानभर फिरलं आणि दाराबाहेर गेलं. त्यांनी त्याला ओळखलंसुद्धा नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तेही दिवा दुसऱ्यांना विकणाऱ्याच्या घरचा.

"कानाची तपासणी केलीय का कधी?" विक्रेती म्हणाली. चांगल्या मनाची मुलगी होती.

"मी त्याच धंद्यात आहे," कानवाले म्हणाले, आणि ताठ मानेने बाहेर पडले.

जोडणीला त्यांनी शनिवारची सकाळ राखून ठेवली. माहितीपत्रक बाजूला ठेवलं, कारण माहितीपत्रक गिऱ्हाइकांनी वाचायचं असतं. काळ्याला डोंगल लावलं, हेडसेटचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, जुळलं. छाती फुगली. मग लेकीच्या खोलीत जाऊन पांढऱ्यासमोर बसले आणि हेडसेटचं बटण दाबत राहिले, दाबत राहिले. पांढरा ढिम्म. तेव्हा आठवलं की डोंगल दिवाणखान्यातच राहिलं. ते आणलं, लावलं, तरी ढिम्म. ते बारीक बटण काळ्याकडेच होतं. ते फिरवलं तेव्हा कुठे पांढऱ्याने हुंकार भरला. छोट्याशी ब्लूटूथने सोयरीक एका झटक्यात जमली म्हणून त्यांनी त्यावरच्या खेळात लेकीच्या एका मैत्रिणीला गाठून प्रकृतीची, नोकरीची, आईवडिलांची चौकशी केली. बराच वेळ केली. मग कळलं, छोटा ब्लूटूथवर आवाज ऐकवतो पण माइक घेत नाही.

"कोणाशी बोलताय?" बायकोने आतून विचारलं.

"कोणाशीच नाही," कानवाले म्हणाले. त्या दिवसातलं तेवढंच एक वाक्य शंभर टक्के खरं होतं.

रविवारी मोठ्या तयारीने जहाज निघालं. नवा हेडसेट, काळा कन्सोल, कप्तान जय्यत. लेक वरून काही बोलली. आवाज आला. छान, गोल, भरदार आवाज आला. शब्द मात्र लाटांत विरघळून गेले. जहाज खडकावर.

मग कानवाल्यांनी धंद्यातली पद्धत काढली. एखाद्याचं यंत्र बिघडलं की ते एकेक गोष्ट बदलून बघायचे: आधी सेल, मग नळी, मग यंत्र, म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप उरतं. तसंच इथे. काळा बदलून पांढरा लावला. तेच. डोंगल पुढच्या भोकातून मागच्या भोकात घातलं. तेच. इंटरनेटचा डबा कपाटावरून खिडकीत आणला. तेच. खोलीत आवाज घुमतो म्हणून बायकोने गिऱ्हाइकासाठी शिवलेले जाड पडदे भिंतीला टांगले. तेच, वर बायकोचं बोलणं खाल्लं ते वेगळं. विक्रेतीकडून हेडसेटही बदलून आणला, त्याच नमुन्याचा दुसरा. तेच. एकेक करून सगळं निर्दोष सुटलं आणि खोलीत फक्त एक वस्तू तपासायची उरली. ती वस्तू सोफ्यावर बसून कपाळाला आठ्या घालून विचार करत होती, की आता लेकीचा माइक बदलायला सांगावा का.

"नाचता येईना..." बायको म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

पुढच्या रविवारी जहाज दोनदा बुडालं. दुसऱ्यांदा बुडाल्यावर पडद्यावर नुसतं शांत पाणी होतं, वारा नाही, लाटा नाहीत. त्या शांततेत लेक म्हणाली, "बाबा, आपण हे थांबवू या का आता? तुझं लक्षच नसतं. मी आपली भिंतीशी बोलल्यासारखी बोलते."

हे त्यांना पूर्ण ऐकू आलं. एकूण एक शब्द लागला.

"नाही नाही, थांबवायचं नाही," कानवाले म्हणाले. "हेडसेटमध्येच घोळ आहे. एक आठवडा दे मला. एकच."

लेकीने उसासा टाकला, आणि तोही ऐकू आला.

त्या आठवड्यात कानवाल्यांनी दुकानात कोणाला किती लक्षपूर्वक तपासलं, ते न विचारलेलं बरं. घरी आले की अ‍ॅप उघडून बसायचे. त्यात आवाज घडवायच्या उभ्या दांड्या होत्या, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. लेकीने पूर्वी पाठवलेला आवाजी निरोप होता, 'बाबा, पार्सल पोचलं, थँक्यू, स्वेटर फारच छान आहे,' असा. तो हेडसेटमधून पुन्हा पुन्हा ऐकायचा आणि एकेक दांडी तीळभर सरकवायची. जाड आवाजांना हात लावायचा नाही. मधल्यांना थोडा जोर. बारकांना आणखी. अगदी उजवीकडच्या दांडीला तर वरच्या टोकापर्यंत. डोळे मिटून, श्वास रोखून ते हे काम करत होते. वर्षानुवर्षांचा हात होता. बोटांना कुठे थांबायचं ते ठाऊक होतं.

आणि एका संध्याकाळी 'स्वेटर'मधला 'स' स्वच्छ वाजला. मग 'छान'मधला 'छ'. कोणीतरी खिडकीची काच पुसावी तसा लेकीचा आवाज समोर आला, आणि त्या आवाजाला थोडी सर्दी झालेली होती, हेही त्यांना आत्ताच कळलं. कानवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकीकडे आणि आपण एकीकडे, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती घडण जपून ठेवली, आणि काळा, पांढरा, छोटा, तिन्हींवर लावून पाहिली. तिन्हींवर स्वर्ग.

रविवारी समुद्रावर इतिहास घडला.

"बाबा, खडक, उजवीकडे!"

"दिसला. डावीकडे घेतो."

"शिडं अर्धी उतरव."

"उतरवली. आणि काय गं, मांजर कसं आहे तुमच्या मालकिणीचं?"

वर डोलकाठीवर लेक हसायला लागली. मांजराने मालकिणीच्या विगवर पिल्लं घातल्याचा किस्सा तिने पहिल्यापासून सांगितला, आणि कानवाले योग्य जागी योग्य वेळी हसले. जहाज सबंध दुपार एकदाही आदळलं नाही. "आज काय झालंय तुला?" लेकीने विचारलं. "जुना बाबा परत आल्यासारखा वाटतोय."

"हेडसेट!" कानवाले गरजले. "मी म्हणत नव्हतो? सगळा हेडसेटचा खेळ होता. अशी घडण बसवलीय की जगात कोणाकडे नसेल. थांब, आईला ऐकवतो. अगं ए, इकडे ये! सोड ते मशीन! ऐक, आवाज कशाला म्हणतात ते!"

बायको हात पुसत आली. तिने हेडसेट चढवला, लेक म्हणाली, "हाय आई, कशी आहेस?" आणि बायकोने किंकाळी फोडून हेडसेट सोफ्यावर भिरकावला.

"अगं बाई! कानात सुई खुपसली की काय माझ्या! काय हे! नुसतं सस्स सस्स, पत्रा कापल्यासारखं!"

"असं कसं? इतका सुरेख..."

"सुरेख? कुत्रंसुद्धा पळून जाईल घरातून!"

कानवाल्यांनी हेडसेट उचलून कानाला लावला. सुरेख होता. काढला, बायकोकडे बघितलं. ती अजून कान चोळत होती. नाटक करणारी बाई नव्हती ती. घडण बिघडली की काय म्हणून त्यांनी फोन काढून अ‍ॅप उघडलं. दांड्यांच्या टोकांना जोडणारी रेघ पडद्यावर होती. एवढे दिवस ते एकेक दांडी बघत होते. सबंध रेघ अशी नजर टाकून पाहिली ती आत्ताच.

डावीकडे सपाट. मध्ये हलका चढ. उजवीकडे पार आभाळात.

ही रेघ ते दुकानात रोज काढायचे. बारीक आवाज ऐकू येईनासे झालेल्या माणसाचं यंत्र बसवताना, त्या माणसाच्या कानात जेवढं कमी तेवढं यंत्रात जास्त भरायचं, त्याची ही रेघ. रेघेवरून कानवाले वयसुद्धा सांगू शकायचे. त्यांनी सांगितलंही, मनातल्या मनात. हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला, दोन्ही कान गेलेले, दोनतीन वर्षं तरी झाली असणार, आणि कबूल करत नसणार. हेडसेट विकत घेऊन त्यांनी आपल्या कानांना, आपल्याच हातांनी, अगदी माप घेऊन यंत्र बसवलं होतं. काम अव्वल होतं. फक्त गिऱ्हाईक कोण आहे, ते कारागिराला कळलं नव्हतं.

ते खाली बसले. बायको शेजारी बसली. तिने रेघ बघितली नाही, त्यांचं तोंड बघितलं.

"तुला माहीत होतं?" कानवाल्यांनी विचारलं.

"टीव्ही तुम्ही लावलात की खालच्या मजल्यावरच्यांना बातम्या कळतात."

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"बोलले की," बायको म्हणाली. "दर वेळी बोलले."

कानवाल्यांना हसू फुटलं, आणि मध्येच कुठेतरी त्या हसण्याचा रडवेला आवाज झाला. त्यांना फार लाज वाटली. कान गेल्याची नाही. कान काय, सगळ्यांचेच जातात. व्याख्यान देताना आपण किती लोकांकडे कीव आल्यासारखं बघितलं, त्याची लाज वाटली.

सोफ्यावरच्या हेडसेटमधून बारीक कुजबुज येत होती. लेक तिकडे ताटकळत बोलत असणार. एक सोपी वाट होती, आणि कानवाल्यांना ती लगेच दिसली: हेडसेट आहेच, रविवार आता उत्तम चालतील, सांगायची गरज काय? लेकीने 'जुना बाबा' म्हटलं होतं. त्या जुन्या बाबाला म्हातारा करून तिच्या हाती कशाला द्यायचा? बायको उठून मशीनकडे गेली, पण मशीन तिने सुरू केलं नाही.

कानवाल्यांनी हेडसेट चढवला.

"बाबा? काय झालं? आई का ओरडली?"

"हेडसेटचा काही दोष नव्हता गं," कानवाले म्हणाले. "जुन्याचाही नव्हता. माझे कान गेलेत. दोन्ही. मला कित्येक महिने तुझं अर्धंच ऐकू येत होतं, आणि मी हो हो करत होतो. लक्ष नव्हतं असं नाही. सगळं लक्ष तिथेच होतं. ऐकू येत नव्हतं."

पाण्यावर जहाज नुसतं डोलत होतं. डोलकाठीवरची लेक खाली उतरली आणि सुकाणूपाशी, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. खेळात उभं राहून काय होतं म्हणा. तरी बरं वाटलं.

"म्हणजे मागे मी तुला विचारलं," ती हळू म्हणाली, "दोनदा विचारलं, तेही तुला ऐकू आलं नाही?"

"काय विचारलंस?"

"पहिल्यांदा तू नुसतं 'हं' म्हणालास आणि नकाशा उघडलास. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. मला वाटलं, तुला नको आहे म्हणून तू विषय टाळतोयस. मग मी पुन्हा नाही विचारलं."

कानवाल्यांनी दोन्ही हातांनी हेडसेट कानांवर दाबून धरला. "आता विचार," ते म्हणाले. "आता विचार ना. सावकाश."

मग तिने विचारलं. तिचा आवाज मध्ये एकदा अडकला, ते त्यांना ऐकू आलं. तिने नाक ओढलं, तेही ऐकू आलं.

"आलं ऐकू?"

"आलं."

"नुसतं हो म्हणू नकोस, बाबा. मी काय विचारलं ते म्हणून दाखव."

कानवाल्यांनी घसा साफ केला. दिवाणखान्यात मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत, ते म्हणाले, "'बाबा, मला इथे नाही जमत आहे. मी नोकरी सोडून थोडे दिवस घरी येऊ का?'"

मशीनवरून बायको उठली. तिला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती, पण तेवढी पुरली. ती येऊन कानवाल्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकली, आणि लेकीला ऐकू जावं म्हणून त्यांच्या तोंडापुढचा माइक धरून म्हणाली, "असलं काय विचारतेस गं? ये."

"मी सांगणार होतो," कानवाले म्हणाले.

"मग सांगा ना."

त्यांनी तोंड उघडलं, आणि आता ऐकू सगळं येत होतं तर बोलताच येईना. तिकडे लेक थांबली होती. इकडे बायको थांबली होती. दोघींनी यापूर्वी किती वेळा असं थांबून वाट पाहिली असेल, ते कानवाल्यांना कधीच कळणार नव्हतं.

"ये," ते म्हणाले. नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले, आणि मग आणखी एकदा.